जेवण घरचंच, तरी पोट का बिघडतं? उपनगरांतली धावपळ आणि आतड्यांचं घड्याळ

सकाळी साडेपाचचा गजर. सातच्या आत बोरिवली किंवा मुलुंड स्टेशन. दुपारी एक वाजता डबा. संध्याकाळी सातला ऑफिसखाली वडापाव आणि चहा. रात्री साडेदहाला जेवण, साडेअकराला अंथरूण. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या असंख्य नोकरदारांचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जातो.

यातल्या अनेकांची तक्रारही सारखीच असते. जेवण घरचं, तेल-तिखट बेताचं, तरी रात्री छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, पोट फुगतं आणि सकाळी पोट नीट साफ होत नाही. 'पित्त झालंय' असं म्हणून एखादी गोळी घेतली जाते आणि विषय तिथेच संपतो.

मुंबईत ही तक्रार किती जणांना असते? शहरातल्या अडीच हजारांहून अधिक प्रौढांशी बोलून केलेली एक पाहणी 2001 साली 'इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात दर दहापैकी साधारण तिघांनी अपचनाचा त्रास असल्याचं सांगितलं होतं.

पोट बिघडलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'काय खाल्लं होतंस?' तो योग्यच आहे. पण गेल्या काही दशकांतलं संशोधन पाहिलं तर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. कधी खाल्लं होतंस? आणि खाताना डोक्यात काय चाललं होतं?

शरीरात घड्याळं किती?

शरीराला वेळ कळते ती मेंदूमुळे, एवढं अनेकांना माहीत असतं. डोळ्यांच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी सुमारे 20 हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो. झोप कधी यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, कोणतं संप्रेरक कधी स्रवावं याचा ताल तो सांभाळतो. हे शरीरातलं मुख्य घड्याळ.

पण घड्याळ एकच नाही. जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड अशा जवळपास सगळ्या अवयवांच्या पेशींमध्ये स्वतःची घड्याळं असतात. ठरावीक जनुकं साधारण 24 तासांच्या चक्रात चालू-बंद होतात आणि त्यातून हा ताल तयार होतो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मेंदूचं घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. यकृत आणि आतड्यांच्या घड्याळांवर मात्र जेवणाच्या वेळेचाही मोठा परिणाम होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की जेवणाची वेळ उलटी केली तर यकृताचं घड्याळ काही दिवसांत त्या वेळेकडे सरकतं, पण मेंदूचं घड्याळ जागचं हलत नाही.

म्हणजे बाहेर अंधार, मेंदू म्हणतोय 'आता झोप', आणि त्याच वेळी ताटात पोळी-भाजी आल्यामुळे पोटाला निरोप जातोय 'काम सुरू कर'. एकाच शरीरातली दोन घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवतात. हे रोज होत राहिलं की त्याचा ताण पचनावर पडतो.

साडेदहाच्या जेवणाचं काय होतं?

पचनसंस्था चोवीस तास सारख्या जोमाने चालत नाही.

सकाळी खाल्लेलं अन्न जठरातून जितक्या लवकर पुढे सरकतं, तितक्या लवकर रात्री खाल्लेलं सरकत नाही. दुसरीकडे, जठरातलं आम्ल संध्याकाळनंतर आणि रात्रीच्या पहिल्या भागात जास्त स्रवतं. भरलेलं जठर, भरपूर आम्ल आणि त्यावर तासाभरात आडवं होणं, हे तिन्ही एकत्र आले की आम्ल अन्ननलिकेत वर येणं सोपं होतं. छातीतली जळजळ ती हीच. म्हणून जेवण आणि झोप यांच्यात दोन ते तीन तासांचं अंतर ठेवा, असं डॉक्टर सांगतात.

मोठ्या आतड्याचाही ताल असतो. रात्री ते जवळपास शांत असतं. सकाळी जाग आल्यावर ते हलू लागतं आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर त्याला आणखी चालना मिळते. सकाळच्या चहानंतर शौचाला लागते, त्यामागे हे एक कारण आहे.

आता उपनगरातली सकाळ आठवा. 6:42 ची लोकल पकडायची आहे. न्याहारीला वेळ नाही. घरात चार माणसं आणि शौचालय एक, किंवा चाळीत सार्वजनिक शौचालयासमोर रांग. शरीराने दिलेली सूचना 'नंतर बघू' म्हणून दाबली जाते आणि पुढचे दोन तास प्रवासात जातात. असं वारंवार झालं की ती सूचनाच मंदावते आणि बद्धकोष्ठता मागे लागते.

बायकांसाठी हा प्रश्न आणखी अवघड होतो. स्टेशनवर किंवा रस्त्यात स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसल्यामुळे अनेकजणी बाहेर पडताना पाणीच कमी पितात. मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने हा मुद्दा सार्वजनिक चर्चेत आणला. पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाला त्रास होतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याने मल घट्ट होऊन पोट साफ व्हायलाही अडचण येऊ शकते.

पोट 'गुरगुरतं' तेव्हा

दोन खाण्यांच्या मधल्या वेळातही आतडी कामात असतात. पोट रिकामं असताना साधारण दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलेसुरले अन्नकण आणि जिवाणू ती पुढे ढकलते. पोटातून येणारा गुडगुड आवाज बऱ्याचदा याच साफसफाईचा असतो.

काही खाल्लं की ही लाट थांबते. सातला वडापाव, साडेआठला ट्रेनमध्ये शेंगदाणे, नऊला घरी चहा-बिस्किट आणि साडेदहाला जेवण असं चाललं, तर संध्याकाळभर या सफाईला सवडच मिळत नाही. पोट 'भरल्यासारखं' वाटत राहण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

ताण पोटात कसा उतरतो?

'भीतीने पोटात गोळा आला' असं मराठीत सहज म्हटलं जातं. शरीरशास्त्र याला दुजोरा देतं.

1822 मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारं छिद्र कायम राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून अनेक वर्षं पचनाचा अभ्यास केला आणि 1833 मध्ये पुस्तक लिहिलं. रुग्ण रागावला की पचन बदलतं, अशी नोंद त्याने केली होती. पुढे 1890 च्या दशकात वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांखाली मांजरांच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर घाबरलं किंवा चिडलं की ती हालचाल थांबायची.

याचं कारण आज बरंच स्पष्ट झालं आहे. संकट जाणवलं की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं. रक्तपुरवठा स्नायूंकडे वळतो, कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनालिन वाढतं, पचन मागे पडतं. जठर मंदावतं, म्हणून अन्न अडकल्यासारखं वाटतं. त्याच वेळी मोठं आतडं मात्र घाईने हलू लागतं. म्हणूनच परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी जेवण जात नाही आणि शौचाला मात्र सारखं जावंसं वाटतं.

लोकलच्या दारात लटकताना किंवा घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर गर्दीत अडकल्यावर समोर वाघ नसतो. पण 'लेटमार्क लागणार', 'बॉस काय म्हणेल' या विचारांनीही शरीराची तीच यंत्रणा जागी होते. फरक एवढाच, की वाघाचा धोका काही मिनिटांत संपतो आणि हा ताण सकाळ-संध्याकाळ, आठवड्यातले सहा दिवस चालू राहतो.

सततच्या ताणाने आणखी एक गोष्ट होते. आतड्यांतल्या संवेदना मेंदूला जास्त तीव्र जाणवू लागतात. एरवी लक्षातही आला नसता एवढा गॅसही दुखायला लागतो. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस या विकारात हेच दिसतं. पोट दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता होते, पण तपासण्यांमध्ये काही सापडत नाही. 'सगळं मनाचं आहे' असं म्हणून अशा माणसाला गप्प केलं जातं. ते चूक आहे. दुखणं खरं असतं. बिघाड मेंदू आणि आतडी यांच्या संवादात असतो.

हा संवाद मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत चालतो. त्यातले बहुतेक तंतू मेंदूकडून पोटाकडे नाही, तर पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. त्यामुळे ताणाने पोट बिघडतं आणि बिघडलेल्या पोटाने ताण वाढतो. 'ट्रेनमध्येच लागली तर?' या धास्तीने घराबाहेर पडायला घाबरणारे लोक हे चक्र रोज अनुभवतात.

सोशल मीडियावर एक वाक्य फार फिरतं: 'आनंदाचं रसायन सेरोटोनिन 90 टक्के पोटात तयार होतं, म्हणून पोट सांभाळा, मूड आपोआप सुधारेल.' यातला पहिला भाग खरा आहे. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत बनतं. पण ते रक्तातून थेट मेंदूत जात नाही. आतड्यांची हालचाल आणि संवेदना यांसाठी ते वापरलं जातं. एखादी पावडर खाऊन नैराश्य जाईल, असा त्याचा अर्थ होत नाही.

रात्रपाळी: न्यूयॉर्कचं घड्याळ, अंधेरीचं पोट

अंधेरी पूर्वेला 1973 मध्ये सीप्झ सुरू झालं. पुढे अंधेरी, मालाड, पवई परिसरात आयटी कंपन्या आणि कॉल सेंटर उभी राहिली. अमेरिकेतल्या ग्राहकांशी बोलायचं तर तिथल्या दिवसाशी जुळवून घ्यावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिका घड्याळं एक तास मागे घेते आणि इकडे तीच वेळ साडेसातवर जाते. मार्चमध्ये पुन्हा उलट. भारतात घड्याळ बदलत नाही, तरी अशा नोकरीतल्या माणसाच्या जेवणाची आणि झोपेची वेळ वर्षातून दोनदा सरकते.

रात्रपाळी फक्त कॉल सेंटरमध्येच नसते. परिचारिका, सुरक्षारक्षक, रेल्वे कर्मचारी, रिक्षाचालक, विमानतळावरचे कामगार यांच्यामुळे हे शहर रात्री चालू राहतं. रात्री दोन वाजता कँटीनमध्ये बिर्याणी, पहाटे चारला चौथा चहा, सकाळी आठला घरी येऊन पोहे आणि मग झोप. मोठं आतडं जागं होण्याच्या वेळी माणूस झोपायला जातो आणि आतडी शांत असण्याच्या वेळी तो जेवतो.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये परिचारिकांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसपाळीतल्या 31 टक्के परिचारिकांमध्ये आयबीएसची लक्षणं आढळली. फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 48 टक्के होतं. आठवड्याला पाळी बदलली की एका वेळेची सवय होण्याआधीच दुसरी सुरू होते.

आतड्यातले जिवाणूही वेळ पाळतात

आतड्यांत अब्जावधी जिवाणू राहतात. तंतुमय पदार्थांचं विघटन करणं आणि आतड्याच्या अस्तराला पोषण देणं ही त्यांची कामं. त्यांच्या संख्येत आणि कामातही दिवसभरात चढउतार होतात. हा ताल बराचसा आपल्या खाण्याच्या वेळांवर अवलंबून असतो.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवलं, की उंदरांचं दिवस-रात्रीचं चक्र बिघडवलं तर जिवाणूंचा तालही मोडतो. त्यांनी अमेरिकेहून इस्रायलला विमानाने आलेल्या दोन माणसांचे नमुनेही तपासले. वेळबदलाच्या काळातले जिवाणू जंतुविरहित उंदरांना दिल्यावर त्या उंदरांचं वजन आणि रक्तातली साखर जास्त वाढली. माणसं फक्त दोन होती, त्यामुळे यावरून मोठे निष्कर्ष काढता येणार नाहीत. पण दिशा लक्षात येते.

विमान न पकडताही वेळबदल होऊ शकतो. सोमवार ते शनिवार साडेपाचला उठणारा माणूस रविवारी दहाला उठतो, साडेअकराला नाश्ता करतो आणि दुपारी तीनला जेवतो. शरीराच्या दृष्टीने तो दर आठवड्याला चार-पाच तासांचा प्रवास करून परत येतो. जर्मन शास्त्रज्ञ टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी याला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. सोमवारी सकाळी पोट जड वाटतं, त्यात रविवारच्या मटणाबरोबर या वेळेचाही वाटा असू शकतो.

डबा आणि चोविहार

वेळेवर खाण्याची व्यवस्था मुंबईला नवी नाही. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा घरच्या जेवणासाठी ओळखली जाते. तिचा दुसरा फायदा क्वचितच कोणी सांगतं. बोरिवली, अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपरहून निघालेला डबा दुपारी साधारण ठरलेल्या वेळी टेबलावर येतो. म्हणजे दिवसातलं एक जेवण तरी रोज त्याच वेळी होतं. मीटिंग संपल्यावर मोबाइलवरून मागवलेलं जेवण कधी दीडला येतं, तर कधी साडेतीनला.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत मोठ्या संख्येने राहणाऱ्या जैन कुटुंबांपैकी अनेकजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. काहीजण चोविहार पाळतात, म्हणजे पाणीही घेत नाहीत. कोकणात आणि देशावर शेतकरी घरांत दिवेलागणीच्या सुमारास जेवणं उरकायची पद्धत होती. यामागची कारणं धार्मिक किंवा सोयीची होती. पण परिणाम असा, की जेवण आणि झोप यांत पुरेसं अंतर राहायचं.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची पद्धत लोकप्रिय आहे. तिचा भर मुख्यतः वजन आणि मधुमेह यांवर आहे. आतड्यांच्या घड्याळासाठी किती वेळा खाता याबरोबरच रोज साधारण त्याच वेळी खाता का, हेही महत्त्वाचं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

लोकल बदलता येत नाही, मग काय बदलता येईल?

'सातला जेवा, दहाला झोपा' हा सल्ला साडेनऊला घरी पोचणाऱ्या माणसाच्या कामाचा नाही. त्याला शिस्त नाही असंही नाही. त्याचा वेळ प्रवास खातो. तरी काही गोष्टी शक्य आहेत.

जेवण दोन भागांत वाटा. संध्याकाळी सात-साडेसातला वडापावऐवजी दुसरा छोटा डबा खा: पोळीचा रोल, उपमा, मोड आलेली उसळ. मग रात्री घरी वाटीभर वरण-भात किंवा सूप पुरतं. मोठं जेवण लवकर आणि छोटं उशिरा, एवढी अदलाबदल पुष्कळ आहे.

एक वेळ पक्की करा. सगळ्या वेळा पाळणं जमत नसेल तर एक तरी पाळा. दुपारचा डबा किंवा सकाळची न्याहारी रोज अर्ध्या तासाच्या फरकात होऊ द्या. रविवारीही.

सकाळी पंधरा मिनिटं राखून ठेवा. उठल्यावर पाणी किंवा कोमट काहीतरी, थोडं खाणं आणि घाई न करता शौचालय. त्यासाठी गजर थोडा आधी लावावा लागेल, पण मोबाइल पंधरा मिनिटं आधी बाजूला ठेवला तर झोप तेवढीच राहते.

जेवताना श्वासाला वेळ द्या. घरी पोचल्या पोचल्या ताटावर बसू नका. पाच-दहा मिनिटं शांत बसून सावकाश श्वास घेतल्याने धावपळीची यंत्रणा खाली येते. जेवताना ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद ठेवा.

रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण कामावर निघण्याआधी करा. मध्यरात्री ते पहाट या वेळात हलकं खा. बॉस्टनमध्ये 2021 मध्ये 19 तरुणांवर झालेल्या प्रयोगात रात्रपाळीसारखं वेळापत्रक ठेवूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची रक्तातली साखर वाढली नाही, रात्री जेवणाऱ्यांची वाढली. हा प्रयोग छोटा होता आणि त्यात साखर मोजली होती, पोटाच्या तक्रारी नाही. तरी मध्यरात्रीची बिर्याणी टाळायला एवढं कारण पुरेसं आहे. चहा-कॉफी झोपायच्या निदान सहा तास आधी थांबवा. तंबाखू आणि सिगारेट यांनी जळजळ वाढते.

केव्हा थांबू नये?

प्रत्येक पोटदुखीला 'ताण' किंवा 'पित्त' म्हणणं धोक्याचं आहे. पुढीलपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा: मलातून किंवा उलटीतून रक्त, काळा डांबरासारखा मल, कारण नसताना घटणारं वजन, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं, तपासणीत आढळलेला रक्तक्षय. पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलली तर तेही दुर्लक्षू नका. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर हे आधीच सांगा.

छातीतली जळजळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर पित्ताची गोळी घेऊन वाट पाहू नका. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं कधीकधी अपचनासारखीच दिसतात.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या गरजेच्या वेळी उपयोगी पडतात. पण आठवड्यातून दोन-तीनदा त्या लागत असतील, किंवा महिनोन्महिने स्वतःच घेतल्या जात असतील, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. जाण्यापूर्वी एक आठवडा वहीत किंवा मोबाइलमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता खाल्लं, किती वाजता झोपलात, त्रास कधी झाला. औषधांची गरज किती आणि वेळा बदलण्याची किती, हे ठरवायला डॉक्टरांना या नोंदींचा उपयोग होतो.